विसाव्याची बिडी

गेणूमामांना "बिडी सोडा" म्हणून मी इतक्यांदा सांगून आले होते, की त्यांच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा मला बघून भुंकायची बंद झाली होती. घरी मी अंजुम, भोरची. पण वेल्ह्याच्या डोंगरात वीस वर्षं मी नुसती 'शिष्टर'. लसी द्यायच्या, गोळ्या वाटायच्या, बाळंतिणींकडे बघायचं आणि जाता जाता पुरुषांना बिडीवरून बोलायचं. पालथ्या घड्यावर पाणी. माझं बोलणं ऐकून मलाच जांभई यायची, तिथं दुसऱ्याला काय नावं ठेवायची?

मामा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला काटक धनगर. दारात म्हशी, थोड्या शेळ्या. रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन खाली सडकेला उतरायचं, दूध टेम्पोत चढवायचं आणि पुन्हा डोंगर चढायचा. मागोमाग त्यांची बायको भामाबाई. जाताना डोक्यावर सरपणाची मोळी, येताना पेंडीचं पोतं. वस्तीला गाडीवाट नव्हती. मामांचं सगळं गणित म्हशींवर चालायचं. थोरल्या मुलाचं वय विचारलं तर म्हणायचे, "चांदी दुसऱ्यांदा व्याली त्या सालचा." मी नोंदवहीत काहीतरी आकडा टाकायचे. करणार काय?

दोन हजार तीन साली त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. हळद झाली, झाडपाला झाला, माझं मलम झालं. त्याच सुमाराला खाली शिबिर लागलं. पुण्याहून एक तरुण डॉक्टर आले होते, चांगला मनमिळाऊ माणूस. त्यांच्याजवळ हातात मावेल असं यंत्र होतं आणि त्याला पेनाएवढी कांडी. ती कांडी अंगावर ठेवली की रक्ताच्या नळीतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकू यायचा. डॉक्टरांचं म्हणणं असं, की बिडी पिणाऱ्याला नुसतं सांगून उपयोग नाही. त्याची स्वतःची नळी कशी अरुंद होत चाललीय ते त्याच्या कानाने ऐकवा, मग तो आपणहून सोडतो. मला ते पटलं. खरं तर माझं तोंड दुखायचं थांबेल, याचाच आनंद जास्त झाला.

मामांच्या दंडावर कांडी ठेवली तेव्हा मांडव भरून आवाज आला, धपधप धपधप. मग डाव्या पावलावर ठेवली. यंत्र नुसतं खरखरत राहिलं. बराच वेळ हुडकल्यावर कुठं बारीक फुसफुस लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की बिडीने पायाची नळी बुजत आली आहे, म्हणून पायाला रक्त पुरत नाही आणि जखम भरत नाही. असंच चाललं तर उद्या पाय कापायची पाळी येईल. मामांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पाय गेला तर डोंगर गेला, म्हशी गेल्या, खाली कुणाच्या तरी पडवीत बसून राहायचं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मी मनात म्हटलं, चला, सुटली बिडी.

महिन्याभराने गोळ्या आणि मलमपट्टीचं सामान घेऊन वर गेले, तर भामाबाईंनी सांगितलं की आता दिवसाला एका बंडलाची दोन झाली आहेत. माझं डोकंच फिरलं. मामा गोठ्यात होते. मी तिथं जाऊन त्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं.

"शिष्टर, डाक्टर बोलला ते खरं हाय. नळी बुजलीया. चढाला लागलो की पोटरीत गोळा येतो, पाऊल उचलत न्हाई. मंग म्या धोंड्यावर बसतो, एक बिडी वढतो, आन गोळा जातो. लई वरसं झाली. बिडीच नळी मोकळी करती. आता जास्त बुजली म्हनून जास्त वढतो."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते मी जन्मभर ऐकत आले होते. इथं तर रोगालाच औषध समजून माणूस बसला होता. वीस वर्षं मी बोलत होते, पण बिडी तुमच्या काय कामाला येते हे मीही विचारलं नव्हतं आणि यंत्रानेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दूध घालून मामा परत चढायला लागले, तेव्हा मी सोबत निघाले. भामाबाई त्या दिवशी व्यालेल्या म्हशीपाशी घरीच थांबल्या होत्या. निम्म्या चढावर मामा लंगडायला लागले. घामाघूम झाले, धोंड्यावर टेकले आणि हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, मामा, आज पेटवू नका, नुसते बसा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा पाण्याचा तांब्याच काढून घेतला. पण बसले. पोटरी दाबत, दात आवळत बसले. थोड्या वेळाने दाबायचे थांबले. उभे राहिले, चार पावलं टाकली, परत आले आणि पुन्हा बसले.

"म्हंजी बसल्यानंच जात हुता?"

मी हो म्हटलं. चालताना पायाला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही. बसलं की पायाचं भागतं. बिडी फक्त नळी आणखी बुजवते.

मग मी विचारलं, की इतकी वर्षं दुखत होतं तर नुसते का नाही बसलात?

"नुसतं कसं बसायचं? भर चढावर गडी मोकळा बसला की मागनं येनारा म्हनतो, गेणू खचला. बिडी पेटीवली की कुनी काय म्हनत न्हाई." आणि खाली बघत म्हणाले, "आन खचलो आसं माजं मलाबी वाटत न्हाई."

दमलेल्या माणसाला दमलो म्हणायची चोरी, एवढंच ते दुखणं होतं. त्याला माझ्याजवळ गोळी नव्हती.

बिडी काही त्या दिवशी सुटली नाही. चिडचिड झाली, दोनदा पुन्हा धरली, एकदा रागाने मला वस्तीवर यायचं बंद करा म्हणाले. पण ओढायचं कारण निघून गेलं होतं. दिवाळीपर्यंत सुटली. गोळ्या आणि पट्ट्या चालूच होत्या. थंडीत अंगठ्याची जखम भरत आली, आणि डॉक्टर म्हणाले की पाय राहील. चढावरचा गोळा मात्र गेला नाही. बसावं लागायचंच. आता मामा बिडीवाचून बसायचे, आधी लाजत, मग उघड.

त्या हिवाळ्यात एकदा मी दोघांबरोबर वर चालले होते. मामा धोंड्यावर बसले आणि मला मोठ्या तोऱ्यात म्हणाले, बघा, बिडी नाही काही नाही, नुसता बसतोय. भामाबाई डोक्यावर पेंडीचं पोतं घेऊन तशाच उभ्या होत्या. पोतं उतरवलं तर पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून त्या कधी बसतच नसत. वीस वर्षं हा रस्ता मी त्यांच्यासोबत चढत होते, आणि त्यांना उभंच बघत होते.

"तुमाला बसाया बिडी तरी हुती," त्या म्हणाल्या. "मला काय हुतं?"

आवाजात राग नव्हता. मामा लंगडतच उठले आणि त्यांनी बायकोच्या डोक्यावरचं पोतं खाली घेतलं. भामाबाई धोंड्यावर बसल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटले. आम्ही दोघं उभे. बऱ्याच वेळाने मामांनी पोत्याला हात घातला, तशा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या,

"घाई नगा करू. माजं अजून बसून झालं न्हाई."