आगीच्या आधी पोचणारी जीप

घंटा वाजवत जाणारी लाल गाडी सगळ्यांनी बघितलेली असते. आमची जीप कुणाच्या लक्षात नाही. तिला घंटा नव्हती, आणि ती जायची ती आग लागायच्या आधी. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी मित्रांबरोबर कट्ट्यावर बसतो, तेव्हा कुणी ना कुणी म्हणतंच, फायर ब्रिगेडमधलं काय तरी सांग की. त्यांना धूर पाहिजे असतो, शिडी पाहिजे असते, खिडकीतनं काढलेली बाळं पाहिजे असतात. माझ्याकडे आहेत जिने, बादल्या आणि नोटिसा. पण तपासणीच्या चौदा वर्षांत त्याच एवढ्या साठल्यात की एक काढली की मागनं तीन येतात.

मी आधी साधा फायरमन होतो. नव्वद सालानंतर कधीतरी शिडीवरनं पडलो, गुडघा गेला, आणि मला तपासणीला टाकलं. तपासणी म्हणजे देसाई साहेब, ड्रायव्हर श्रीपती आणि मी. साहेब मूळचे गडहिंग्लजकडचे, माणूस कमी बोलणारा. लॉज, दुकान, कारखाना, शाळा असं फिरायचं. काय चुकतंय ते लिहायचं, नोटीस द्यायची. महिन्यानं पुन्हा जायचं आणि तेच पुन्हा लिहायचं.

•

स्टँडजवळ एक लॉज होतं. तिथं मागच्या गॅलरीत चार लाल बादल्या टांगलेल्या होत्या. आग विझवायला त्यात वाळू असावी लागते. आम्ही गेलो तर चारही बादल्यांत कोथिंबीर. हिरवीगार, वीतभर वाढलेली.

मॅनेजर अजिबात घाबरला नाही.

"वाळू काढलेली न्हाय साहेब. वाळूतच लावलीया. वरनं जरासं शेणखत टाकलंय, एवढंच."

मी फॉर्म काढला. त्यात 'बादल्यांची स्थिती' असा रकाना होता. काय लिहू, म्हणून साहेबांना विचारलं. साहेबांनी एका बादलीत बोट खुपसून बघितलं.

"लिहा, कांबळे. भरलेल्या. वर कोथिंबीर."

मी तसंच लिहिलं. पंधरा दिवसांनी फाईल वरनं परत आली. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'कोथिंबीर या उपकरणाचा तपशील सादर करावा.'

•

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत गेलेलो. मालक सज्जन माणूस. आम्ही विचारायच्या आधीच हाताला धरून भिंतीजवळ घेऊन गेला आणि आग विझवायचा लाल सिलिंडर दाखवला. सिलिंडर चकचकीत पुसलेला, गळ्यात झेंडूचा हार, पोटावर हळद-कुंकवाची बोटं. खंडेनवमीला लेथची, भट्टीची पूजा होते, तशी ह्याचीही होत होती.

साहेबांनी खाली वाकून त्याच्यावरची तारीख शोधली. ती कुंकवाच्या थराखाली होती. नखानं खरवडल्यावर दिसली, तर सात वर्षांपूर्वीची. भरून कधी घेतला होता, असं त्यांनी विचारलं.

मालक खरोखर गोंधळला. "भरायचा असतोय व्हय? आम्ही आपली पूजा चुकवली न्हाय. एक वरीस बी न्हाय."

श्रीपतीनं पिन काढून दांडी दाबली. आतनं दमलेल्या माणसानं सोडावा तसा एक सुस्कारा आला, आणि नळीच्या तोंडावरचं झेंडूचं फूल खाली पडलं.

मालकानं आधी ते फूल उचलून कपाळाला लावलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, भरायला कुठं द्यायचा असतो.

•

शाळांतनं आम्ही ड्रिल घ्यायचो. घंटा झाली की पोरांनी रांगेनं मैदानात यायचं, पळायचं नाही, दप्तर घ्यायचं नाही, बाहेर आल्यावर हजेरी. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी हे फार मनावर घेतलेलं. तीन आठवडे सराव करून घेतला आणि आम्हाला बघायला बोलावलं. घंटा झाली. पोरं अशी शिस्तीत उतरली की साहेबांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान बघितलं.

हजेरीत एक वर्ग कमी निघाला. दहावी ब.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर. माझा गुडघा कुरकुरत होता, तरी साहेबांच्या मागनं चढलो. वर्गाचं दार बंद. आत गणिताचे सर फळ्यापाशी उभे, पोरं वहीत मान घालून. आम्हाला बघून सरांनी खडूचा हात वर केला. दोन ओळी राहिल्यात, म्हणाले.

साहेब म्हणाले, "सर, शाळेला आग लागलीय."

"लागली न्हाय. लागली असं समजायचं हाय. हे प्रमेय मात्र परीक्षेला खरंच येतंय."

दोन ओळी होईपर्यंत आम्ही दारात उभे राहिलो. मग वर्ग रांगेनं खाली आला.

मार्चच्या परीक्षेत ते प्रमेय आलं. सरांनी आमच्या ऑफिसात मुद्दाम फोन करून साहेबांना तसं कळवलं.

•

एका मंडळानं गणपतीला कापसाचा हिमालय केला होता. खरा कापूस, पोत्यांनी ओतलेला, आणि त्याच्या पोटात हॅलोजनचे दिवे. मी हात आत घातला तर दिव्यांचा पत्रा तव्यासारखा तापलेला. साहेबांनी अध्यक्षाला बाजूला घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाप्पा बघतोय की सगळं."

"बाप्पा बघतो, ते खरं. पण वायरिंग कुणी केलंय?"

"तेच सांगतोय. बाप्पा सुतार. गल्लीतलाच हाय. खुर्च्या-टेबलं करतोय, पर वायरिंग बी जमतंय त्याला."

दिवे काढायला लावले. त्या वर्षी लोकांनी हिमालय ट्यूबलाइटच्या उजेडात बघितला. मंडळानं आम्हाला प्रसाद दिला, पण आमच्याशी कुणी बोललं नाही.

•

पुढचा हा किस्सा म्हणता यायचा नाही. पण तोही त्याच चौदा वर्षांतला.

गाद्या करायचं एक दुकान होतं. खाली कापूस पिंजायचं मशीन, वर माळ्यावर कामगार राहायचे, आणि मधे एकच लाकडी जिना. जिन्याच्या पायऱ्यांवर कापसाची पोती. आम्ही तिथं तीन नोटिसा दिल्या. मालक दर वेळी आमच्यासमोर पोती हलवायचा, आणि आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत परत ठेवायचा. जागा न्हाय ओ, म्हणायचा. खरंच जागा नव्हती.

मे महिन्यात एका दुपारी मशीनमधनं ठिणगी उडाली. वर शाहूवाडीकडचा एक माणूस जेवून आडवा झालेला. शेतात भाताची कामं नसली की तो दोन-चार महिने इथं कामाला यायचा. खालची माणसं पळून बाहेर आली. धूर जिन्यातनं वर गेला, पण त्या माणसाला जिन्यातनं खाली येता आलं नाही. आमच्या गाडीवरच्या पोरांनी त्याला खाली आणला तेव्हा अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. झोपल्यासारखाच दिसत होता.

चौकशी झाली. आमच्या तिन्ही नोटिसांच्या कार्बन कॉपी निघाल्या, तारखेसकट, मालकाच्या सहीसकट. जो तो येऊन साहेबांना सांगायचा, तुमचे कागद चोख आहेत, तुम्हाला काही होत नाही.

काही दिवसांनी त्या माणसाचा भाऊ आगीचा दाखला न्यायला ऑफिसात आला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कुणी सांगितलं नसताना त्या तीन नोटिसा त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं ओळीवर बोट ठेवून तिन्ही वाचल्या. वाचायला वेळ लागला.

"म्हंजे तुम्हास्नी म्हाईत हुतं."

साहेब म्हणाले, "हो."

"मग?"

भावानं कागद नीट एकावर एक ठेवले, टेबलावर सरकवले, आणि दाखला घेऊन गेला.

त्यानंतर साहेब नुसती नोटीस देऊन निघायचे बंद झाले. जिन्यात माल दिसला की पायरीवर बसून राहायचे, जिना मोकळा होईपर्यंत. दुकानदार हात जोडायचे, चहा मागवायचे, कुणाला तरी फोन लावायचे. गिऱ्हाइकं साहेबांना वळसा घालून वर जायची. आधी आमची दिवसाला दहा ठिकाणं व्हायची, आता तीन झाली तरी पुष्कळ. मी शेजारी बसून गुडघा चोळायचो. सुरुवातीला लाज वाटायची. पुढं तीही वाटेना.

•

बायकांसाठी आम्ही गॅसचं प्रात्यक्षिक द्यायचो. सिलिंडरच्या नळीला मुद्दाम पेटवायचं, भिजवलेलं गोणपाट टाकून विझवायचं आणि बटण बंद करायचं. मग साहेब विचारायचे, आता कोण करून बघणार? सगळ्या दोन पावलं मागं सरकायच्या.

एका गल्लीत मात्र एक म्हातारी पुढं आली. तिला सगळे अक्का म्हणायचे. घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारं व्यापारी कुटुंब. अक्कानं पदर खोचला, गोणपाट टाकून जाळ विझवला, आणि साहेबांना विचारलं की फरशीवर एवढं पाणी सांडलंय ते आता कोण पुसणार. मी पुसलं.

सात-आठ महिन्यांनी त्याच गल्लीतनं फोन आला. मोठी गाडी गेली, मागनं आमची जीप. पोचलो तर स्वयंपाकघराची भिंत काळी झालेली, सून दारात रडत उभी, आणि सिलिंडर परसात एका ओल्या चादरीखाली. शेजारी पाटावर अक्का बसलेली. भुवया जळालेल्या, उजव्या हाताला फोड. साहेबांकडे बघून म्हणाली, "उशीर केलासा."

मग जरा थांबून म्हणाली, "गोणपाट कुठलं सापडतंय त्या गडबडीत? माझ्या लग्नातली सोलापुरी चादर भिजवून टाकली. ती तेवढी भरून मिळंल का बघा."

असं काही भरून मिळत नाही, हे तिला कोण सांगणार. आठवड्यानं साहेबांनी नवी सोलापुरी चादर आणून माझ्या हातात दिली. मी ती नेऊन दिली. अक्कानं चादर उलटी करून वीण बघितली, डाव्या हातानं चाचपली.

"बरी हाय," म्हणाली. "पर जुनीची सर न्हाय."

•

साहेब रिटायर झाले तेव्हा आम्ही एका मंगल कार्यालयात दुपारी सत्कार ठेवला. आदल्या दिवशी मी स्वतः हॉल बघून आलतो. सगळं ठीक होतं. कार्यक्रमाला तीनशे तरी माणसं आली. त्यांतल्या निम्म्यांना आम्ही कधी ना कधी नोटीस दिलेली. मोठ्या पाहुण्यांनी साहेबांना शाल घातली, हातात नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणाले.

साहेब माईकसमोर गेले आणि नुसते उभे राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. लोकांना वाटलं, गहिवर आला. मी त्यांची नजर बघितली. ती हॉलच्या मागच्या भिंतीवर होती. तिथल्या दारापुढं खुर्च्यांची चवड लावलेली, आणि वर कडीला कुलूप.

साहेब स्टेजवरनं उतरले. शाल अंगावर, नारळ हातात. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत शेवटपर्यंत गेले. मी आणि श्रीपती मागनं धावलो आणि चवड बाजूला केली. मॅनेजर आला. त्याला किल्ली मागितली तर म्हणाला, किल्ली वॉचमनकडं हाय आणि वॉचमन सकाळीच मुरगूडला लग्नाला गेलाय.

दार बंद कशाला केलं, असं साहेबांनी विचारलं.

"मागलं दार उघडं ठेवलं की न बोलावलेली माणसं जेवून जात्यात साहेब. आग एकदा बी लागली न्हाय. फुकटे दर मुहूर्ताला येत्यात."

तोवर दोन-चार जण उठून मागं आले होते. पाहुण्यांना पुढं जायचंय, म्हणाले. त्यांतला एक जण साहेबांच्या दंडाला धरून अगदी मायेनं म्हणाला, "आज तरी सोडा की साहेब."

साहेब त्याला म्हणाले, "आज तीनशे माणसं आहेत."

आणि हातातला नारळ त्यांनी कुलपावर मारला. एकदा मारला, दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा नारळ फुटला आणि पाणी शालीवर सांडलं. कुलूप होतं तसंच होतं.

पुढच्या रांगांना मागचं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त नारळ फुटल्याचा आवाज आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.