म्होरकीत राहिलेला कागद

घोडीचे आईबाप कोण, हे लेखी विचारणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला आणि तेवढा मला पुरेसा आहे. सिल्वासाच्या बाहेर मोकाट जनावरं सांभाळणारी एक खासगी संस्था होती. तिच्या कचेरीत तो व्यवस्थापक म्हणून बसायचा. मूळचा कोकणातला, मुंबईहून इकडे शाळेत शिकवायला आलेला आणि निवृत्त झाल्यावर करमत नाही म्हणून जनावरांवर उपकार करायला लागलेला. कुणी अर्ज पुढे केला की तो आधी लाल पेनाने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा आणि मग मजकूर वाचायचा. बाहेर पत्र्याखाली जनावरं हंबरत असायची.

त्या पत्र्याखाली आमच्या शेजारच्या काकांची घोडी होती.

काकांची खोली चाळीत आमच्या भिंतीला लागून होती. ते नंदुरबारकडचे. गलोंड्याच्या सूत कारखान्यात पाळीवर काम करायचे आणि उरलेल्या वेळात एक घोडी सांभाळायचे. लग्नसराईत नवरदेव तिच्यावर बसायचे. एके दिवशी काका कामावर असताना तिच्या शेडजवळ ट्रकचं टायर फुटलं. ती दोर तोडून पळाली आणि नेमकी एका बंगल्यांच्या कॉलनीत, हिरवळीवर जाऊन उभी राहिली. कॉलनीवाल्यांना हिरवळ फार प्रिय. त्यांनी संस्थेला फोन केला आणि संस्थेची गाडी घोडीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो, तेव्हा व्यवस्थापकाने नियम ऐकवला. अर्जात घोडीचा वंश लिहायचा, आठवड्याच्या आत मालकीचा कागद आणायचा, नाहीतर घोडी "चांगल्या घरी" दत्तक जाईल.

चांगलं घर तिथेच सोफ्यावर बसलेलं होतं. खानवेलकडे त्याचं फार्महाउस होतं, संस्थेला त्याची देणगी होती, आणि आलेल्या पाहुण्यांना फिरवायला त्याला एक देखणी घोडी हवी होती. तो काकांकडे न बघता व्यवस्थापकाला म्हणाला, "सर, जानवर को प्यार चाहिए. ऐसे लोग क्या देंगे?"

ऐसे लोग तेव्हा रात्रपाळी करून तसेच उभे होते.

मी अर्ज लिहायला बसले. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. माझे वडील ती कारखान्यांच्या गेटवर वाटायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरूनच. "कामगार बंधूंनो" हे मला स्वतःच्या नावाआधी वाचता यायला लागलं. त्या पत्रकांनी दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या केल्या. मागणी ठणकावून मांडायची. आणि जन्मावरून कुणाची लायकी ठरवणाऱ्याला कधीही माफ करायचं नाही.

काका म्हणाले, "लिही, माझी मारवाडी घोडी."

मी लिहिलं, "माझी शुद्ध मारवाडी, उच्च वंशाची घोडी." शुद्ध आणि उच्च हे दोन्ही शब्द माझे. काकांनी ते सांगितले नव्हते. माणसांच्या बाबतीत हे शब्द ऐकले की मी भांडायला उठायचे, पण गरिबाची बाजू जोरदार दिसावी म्हणून घोडीला ते मी स्वतःच्या हाताने लावले. व्यवस्थापकाने "शुद्ध" खाली रेघ मारली. मला वाटलं, त्याच्यावर छाप पडली. सोफ्यावरचा माणूसही पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "मारवाड़ी? प्योर?" म्हणजे त्याची भूक मीच वाढवली.

पुढचे दोन दिवस काका कागद शोधत होते. ट्रंक उपसली, गाद्या उलथल्या, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून झाला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आपल्या लग्नाचा फोटो हरवला, तवा एवढं शोधलं नव्हतं."

"फोटो नसला म्हणून तुला कोणी उचलून नेणार आहे का?"

"न्यायला या म्हणा. सोफ्यावर बसवणार असले तर मीच जाते."

तिसऱ्या दिवशी आम्ही शेडमध्ये गेलो. खुंटीवर घोडीची जुनी म्होरकी, म्हणजे तिच्या तोंडावर चढवायचा दोरी-चामड्याचा साज, लोंबत होती. तिच्याकडे बघता बघता काका कडब्यावर मटकन बसले.

"पोरी, कागद हरवला नाय. कागद मी आणलाच नाय."

घोडी त्यांनी तापीकाठच्या घोडेबाजारात घेतली होती. तिथे माणसं दिवसचे दिवस उघड्यावर राहतात आणि कागद खिशातून पडतात, भिजतात. म्हणून जुने घोडेवाले म्होरकीच्या गालपट्टीला चामड्याची चपटी पिशवी शिवतात आणि जनावराचा कागद तिच्यात ठेवतात. घोडा जाईल तिथे कागद जाईल, हा त्यातला हिशेब. सौदा झाल्यावर बाजाराच्या टेबलावर पावती झाली. विकणाऱ्याने नेहमीच्या हाताने तिची घडी केली, घोडीच्या तोंडावर असलेल्या आपल्याच म्होरकीच्या पिशवीत सरकवली आणि वरून टाका घातला. पण त्याच लोकांची दुसरीही एक रीत आहे. विकणारा जनावर देतो, म्होरकी देत नाही. ती दिली तर तबेल्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्याने आपली म्होरकी आणायची. काकांनी आणली होती, घोडीला चढवली. विकणाऱ्याने आपली उतरवली, कपाळाला लावली आणि खांद्यावर टाकून घरी नेली.

दोघांनीही दोन्ही रीती अगदी चोख पाळल्या आणि घोडीची ओळख विकणाऱ्याच्या खांद्यावर बसून उलट्या दिशेला गेली. चार वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्यावर तिचा जीव अवलंबून होता, त्यांना तो कागद कधी लागलाच नव्हता.

मला राग आला. मी म्हणाले, "बरकत कसली काका? अडाणीपणा आहे नुसता."

"असंल," काका म्हणाले. "पण त्याच्या घरी आजपण असंल बघ कागद. असले लोक म्होरकी फेकत नाय."

वापीहून सुरत, सुरतेहून तापीच्या बाजूने जाणारी गाडी आणि मग जीप. काकांनी दोन दिवसांची रजा घेतली आणि मला बरोबर नेलं, कारण कागद वाचायला कुणीतरी हवं होतं. आता हसू येतं, कारण वाचायची गरज काकांना मुळीच नव्हती.

विकणारा म्हातारा घरीच होता. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर एक म्होरकी. विकलेल्या प्रत्येक घोड्याची. चिठ्ठी नाही, नंबर नाही. काकांनी घोडीचं नुसतं वर्णन सुरू केलं. पाय पांढरे, डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. म्हाताऱ्याने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. उठला, मधली एक म्होरकी काढली आणि गालपट्टीवरून अंगठा फिरवला.

"पाणी पेताना अजून पाय आपटस का?" त्याने विचारलं.

"आपटते," काका म्हणाले.

म्हाताऱ्याने टाका उसवला. पावती पिवळी पडली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. विकणारा, घेणारा, रंग, भोवरे, पांढरे पाय. सगळं जुळत होतं. मी मोठ्याने वाचत होते आणि जिंकल्यासारखी वाचत होते. मग वंशाचा रकाना आला.

"स्थानिक, मिश्र. आई टांग्याची. बाप माहीत नाही."

मी काकांकडे बघितलं. काका भिंतीवरच्या म्होरक्या मोजल्यासारखं करत होते.

म्हातारा हसला. "तुले मी तव्हाच सांगेल व्हतं ना भो, इनी माय टांगानी घोडी."

"माले याद शे," काका हळूच त्याच्याच अहिराणीत म्हणाले. त्यांना सगळं आठवत होतं.

परतीच्या गाडीत मी त्यांना सोडलं नाही. चार वर्षं सगळ्या सिल्वासाला मारवाडी म्हणून सांगता? कुणालाच कळलं नाही? तेव्हा त्यांनी कबूल केलं. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात. हिची टेकत नव्हती. वरातीच्या दिवशी ते गोंड्यांच्या आड रेशमी दोऱ्याने टोकं बांधायचे. मी तो दोरा कितीतरी वेळा पाहिला होता आणि शोभेचा समजले होते.

"लोक नवरदेवाची बीए बघत नाय," काका म्हणाले, "घोडीचं खानदान विचारतात. मग काय सांगू? टांगेवाली? कोण बसंल तिच्यावर?"

त्यांचं खरं होतं. वरात काढणाऱ्या त्या घरांविषयी मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वतःच्या तीन पिढ्यांपलीकडचं काही ठाऊक नसलेली माणसं जनावराकडे राजघराणं मागतात, आणि त्यांच्याच खोट्या हौसेला भिऊन एक सरळ माणूस मुक्या प्राण्याचे कान बांधतो. पण काकांवर तोंड टाकायला मी कोण? "शुद्ध" कुणी लिहिलं होतं?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही कचेरीत उभे होतो. फार्महाउसवाला आधीच हजर. घोडी न्यायला त्याने गाडीही आणली होती. व्यवस्थापकाने पावती दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"यात मिश्र लिहिलंय. तुमच्या अर्जात शुद्ध मारवाडी. म्हणजे ही पावती या घोडीची नव्हे."

"भोवरे बघा ना," मी म्हणाले. "पाय बघा. ती बाहेर उभी आहे, पंधरा पावलांवर. चला, मी दाखवते."

"मी कागदावर चालतो, बाई. जनावरावर नाही."

हे वाक्य त्याने अभिमानाने उच्चारलं. जनावरांच्या संस्थेच्या व्यवस्थापकाने.

सोफ्यावरून आवाज आला, "मिक्स है? सर, आपने तो मारवाड़ी बोला था."

"अर्जात तसं होतं," व्यवस्थापक म्हणाला.

"फिर मैं क्या करूँ इसका? मेहमान पूछेंगे तो क्या बोलूँ, टाँगे की है?" तो उठला, मोबाइल खिशात घातला. "कोई गाय-वाय दे दीजिए अगली बार." आणि गेला. आठवडाभर प्रेम प्रेम करत होता, ते एका रकान्यात संपलं. जाताना तो पत्र्याखाली घोडीच्या अगदी समोरून गेला. मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, आता सुटलो. पण व्यवस्थापकाने कोरा कागद पुढे सरकवला. पहिल्या अर्जातली माहिती खोटी होती, असं लिहून दिल्याशिवाय घोडी सुटणार नव्हती.

"मी देते," मी म्हणाले. "ते शब्द माझे आहेत."

"अर्जदार हे आहेत. यांनी लिहायचं, स्वतःच्या हाताने. आणि या कागदाची प्रत बाहेर फळ्यावर लागते."

काका कागदाकडे बघत राहिले. फळा रस्त्याच्या तोंडावर होता. गलोंड्याला जाणारा-येणारा प्रत्येक जण तो वाचणार. लग्नसराई तोंडावर होती. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "काका, आपण भांडू. मी वडिलांना बोलावते. पत्रक काढू."

"पत्रक निघंपर्यंत ती इथं उभी राहंल," काका म्हणाले. "आठ दिवसांत बरगड्या दिसाय लागल्या तिच्या, तू बघितलं नाय?"

मी खरंच बघितलं नव्हतं. प्रवासाचे दोन दिवस सोडले तर मी रोज तिथे येत होते, भांडत होते आणि कचेरीतूनच परत जात होते.

त्यांनी पेन घेतलं. सुताच्या मशिनवर कापलेली बोटं, त्यात ते पेन नीट बसेना. एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं: घोडी मारवाडी नाही. आई टांग्याची. मी खोट सांगितलं होतं. माझी आहे, मला द्या. "मी" खोडून मी "आम्ही" करायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

व्यवस्थापकाने "खोट" वर टिंब दिलं आणि सही केली.

घोडीने काकांना ओळखलं, पण तिने लाड वगैरे काही केले नाहीत. त्यांच्या खिशाला तोंड लावून बघितलं, तिथे काही नाही म्हटल्यावर खांद्याला धक्का मारला. गलोंड्याच्या रस्त्याने आम्ही चालत निघालो. काका पुढे, घोडी मध्ये, मी मागे. 

वळणावरच्या चहाच्या टपरीवर पाळी सुटलेली माणसं उभी होती. चहावाला ओरडला, "काका, सुटली का तुमची मारवाडी?"

काका थांबले. मी बघत होते. हो म्हणून पुढे जाणं फार सोपं होतं. फळ्यावर कागद लागायला अजून अवकाश होता.

"मारवाडी नाय ती," काका म्हणाले. "टांगेवालीची पोर आहे. सुटली."

दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण हसला, आणि दुसऱ्या कुणी हसत नाही असं पाहून गप्प झाला. चहावाल्याने कपबशा विसळायची बादली रस्त्यावर उलटी केली, नळाखाली नवं पाणी भरलं आणि ती बादली घोडीपुढे ठेवली.