निगेटिव्ह रिपोर्टचा नारळ

देवीवर माझा राग आहे, हे आधी लिहून टाकते. उपकार त्यानंतर.

मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय आहे. यजमानांचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा सरकारी दवाखान्याच्या दिवसाचीही केली: आंघोळ, पूजा, तीर्थ, चहा, मग दवाखाना. खिडकीवरच्या माणसाने रांगेकडे बघतच डबी पुढे केली आणि नमुना द्या म्हणाला. कसा, ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. हे पहाटेच मोरीत जाऊन रात्रभर छातीत साचलेले सगळे खाकरून आले होते. डबीत गेली ती नुसती थुंकी. रिपोर्ट निगेटिव्ह. दोन महिन्यांनी पुन्हा तसेच, पुन्हा निगेटिव्ह. क्षयरोग नाही म्हणून मी यादीवर काट मारली आणि दरेकसा गावाकडच्या टेकडीवरल्या देवीला नारळ कबूल केला.

तो फेडायला गेलो तोवर हे अर्धे झाले होते. पायथ्याशीच खोकत बसले. तिथली नारळवाली त्यांच्याकडे पाहत राहिली.

"नारळ कायले चढवून राहिली, बाई?"

मी रिपोर्टचे सांगितले.

"डबीत थुका देल्ला का बेडका?"

देवाच्या दारात असले विचारते म्हणून मला किळस आली. ती हटली नाही.

"थुक्यात बिमारी दिसत नाही. झोपीतून उठल्याबरोबर छातीतून काढून द्या लागते. माह्या मानसाचाही रिपोर्ट असाच चांगला आला होता."

तिचे कपाळ मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या कुडवा गावातल्या घरात पूजा उशिरा झाली. आधी दवाखान्यातून आणून ठेवलेली डबी भरली. त्या डबीत क्षयरोग निघाला. औषधे पूर्ण झाली, हे वाचले, पण एक फुप्फुस निकामी झाले ते झालेच.

आता टेकडी मी एकटीच चढते. हे खाली नारळवालीच्या स्टुलावर बसतात. चौथ्या महिन्यात भेटवलेली बाई पहिल्या महिन्यात का नाही भेटवलीस, असे देवीला दर वेळी विचारते. तरी हात जोडले जातात, कारण माझ्या एकाही यादीत नसलेल्या बाईनेच माझे कुंकू राखले. पूर्वी मागण्या लिहून नेत असे, आता रिकाम्या हाताने जाते. उतरताना कुणी खोकताना दिसले, की थांबते आणि डबीत काय दिले ते विचारते. लोकांना किळस येते. येऊ दे.