सदा मास्तर मास्टर होतो

बाजारात बांगड्यांचा वाटा घेतला की मासेवाली वरून दोन बांगडे टाकते. गजालींचंही, म्हणजे गावगप्पांचंही, तसंच आहे. एक सांगायला घ्यावी, तर वरून दोन येतात आणि त्या वरच्याच जास्त ताज्या निघतात.

माझा मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात फोटो स्टुडिओ. शेजारच्या गाळ्यात बाबलचा सायबर कॅफे. मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळे २००७ साली कट्ट्यात इंटरनेटवर जे काही घडलं, ते मी एकतर डोळ्यांनी पाहिलंय नाहीतर कानांनी ऐकलंय. उरलेलं पदरचं घातलंय. कुठलं ते ओळखून दाखवा.

त्या वर्षी आमच्या सदा मास्तराने नोकरी बदलायचं मनावर घेतलं. वय बेचाळीस, हायस्कूलात भूगोल शिकवायचा. पोरं कमी झाल्यामुळे जूनमध्ये एक तुकडी बंद होणार आणि मास्तर 'सरप्लस' होणार, हे ठरल्यात जमा होतं. सरप्लस मास्तराला कुठे धाडतील याचा नेम नाही. घरी म्हातारी आई, मुलगी दहावीत. तेवढ्यात सावंतवाडीकडच्या एका कॉलेजात पर्यटनाचा कोर्स निघाला. तिथले प्रिन्सिपल म्हणाले, "तुम्हाला घेतो, पण पर्यटनाच्या मास्टर डिग्रीला ॲडमिशन झालेली दाखवा. शाळा सुरू व्हायच्या आत."

नोकरी सांभाळून डिग्री म्हणजे ऑनलाईनच. आणि ऑनलाईन म्हणजे बाबल!

*

कॅफेत मास्तराने पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा तात्या गावकर बाकावर पेपर वाचत होते. तात्या आमच्या वाडीचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. नारळ ठेवून ते देवाला खड्या आवाजात सगळं सांगणार, वाक्यावाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणणार आणि शेवटी नारळ फुटणार. त्याशिवाय आमच्याकडे नवी मोटारसायकलसुद्धा किक घेत नाही.

"मी मास्टर डिग्री करतंय," मास्तर म्हणाला.

तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इतकी वर्सां शाळेत काय करी होतंस?"

"शिकवी होतंय."

"म्हणजे मास्तर आसस."

"आसंय."

"मगे मास्तराक परत मास्तर होवक कित्याक व्हया? आधीचो उतारलो काय?"

"तात्यानू, हो मास्टर वेगळो. ह्यो घरात बसान होवक येता."

तात्यांनी पेपराची घडी घातली. "घरात बसान मास्तर होवक येता, तर आमी शाळेसाठी चिरे कित्याक वाहिले रे?"

*

मग मास्तराचा ईमेल काढायचा ठरला. बाबल यंत्राशी, मास्तर दारात, मधे पंख्याची घरघर.

"पासवर्ड काय ठेवू?" बाबल ओरडला.

"कोणाक कळता नये असो ठेव," मास्तर त्याहून मोठ्याने ओरडला.

"'बांगडो' चलात?"

दारातून जाणारी मासेवाली थबकली. "बांगडो नको रे बाबा. मास्तर माणूस तो. 'सुरमय' ठेव, शोभान दिसात."

'सुरमय' ठरला. तेव्हापासून सगळा कट्टा मास्तराची मेल वाचायला लागला. पुढे अर्ज गेल्यावर एकदा मालवणच्या गाडीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मास्तर, त्या दिल्लीवाल्यांनी तुमचो पदवीचो दाखलो मागल्यानी हा. मराठीतलो नको, इंग्रजीतलो धाडा."

मास्तर भडकला. कॅफेत एकटा बसला, बाबललाही बाहेर काढलं आणि पासवर्ड बदलला. कोणाला म्हणजे कोणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच विसरला. शेवटी पानपट्टीवाल्याला विचारावा लागला.

*

पर्यटनाची मास्टर डिग्री देणाऱ्या तीन युनिव्हर्सिट्या बाबलने शोधून काढल्या. पहिलीची जाहिरात अशी झगमगत होती की बघताना डोळे मिटावेत. अभ्यास नाही, परीक्षा नाही, फक्त 'कामाचा अनुभव' कळवा. मास्टर घेतलीत तर डॉक्टरेट फुकट!

तात्या म्हणाले, "एकार एक फुकट म्हणजे साबण असतलो."

मास्तराचं मन मात्र डळमळत होतं. बिचाऱ्याला जूनची घाई. म्हणून मी म्हटलं, आधी दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज टाकून बघू. गावात सगळ्यात अनुभवी कोण? तात्यांचा बैल, पवळ्या.

नाव : पवळ्या गावकर. क्षेत्र : शेती. अनुभव : नांगरणी, चिखलणी आणि भातझोडणी. भाषा : एकच, पण स्पष्ट. सध्याची जबाबदारी : जोडीदारासह टीमवर्क.

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. 'आदरणीय श्री. पवळ्या, आपला प्रदीर्घ अनुभव पाहून आमची समिती प्रभावित झाली आहे. आपण कृषी व्यवस्थापनाच्या मास्टर डिग्रीस पात्र आहात.'

ती युनिव्हर्सिटी तिथेच बाद झाली. तात्यांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. त्या पावसात नांगर धरून शेतात उभे, आणि बैल बांधाकडे ओढतोय. लांबून त्यांचा आवाज आला, "डॉक्टर, वळा आता! शिकलेल्यांनी असा करता नये."

*

दुसरी युनिव्हर्सिटी खरी होती. तिथे फोन लावला तो विजू वहिनीने, म्हणजे मास्तराच्या बायकोने. ती तोंडवलीची, होडीवाल्यांच्या घरातली. तिचं म्हणणं साधं होतं. "मासो घेतना आमी कल्लो उघडून बगतंव. कागदावरची खवलां काय बगतास? फोन लावा, कोण उचलता ता बगूया."

बाबलने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक तरुणी, बोलणं मधासारखं.

"परीक्षा किधर होता है?" वहिनीने विचारलं.

"आपका नज़दीकी सेंटर सिंधुदुर्ग है, मॅडम."

"सिंधुदुर्ग में किधर?"

"एक मिनिट, मॅप देखती हूँ… मालवण के सामने. पानी में."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाईने जिल्हा शोधायचा सोडून किल्लाच शोधला होता.

"किले में परीक्षा?" वहिनी म्हणाली.

"जी मॅडम, बहुत ही शांत जगह है."

वहिनीचा भाऊ नंदू तिथेच उभा होता. तोंडवलीला त्याची होडी. तो गंभीरपणे पुढे झाला. "पेपर कोणत्या म्हयन्यात, ता इचार गो."

"जुलाई में," पलीकडून उत्तर आलं.

"झाला मगे. पावसात किल्ल्याक होडयो बंद. भावजी पेपराक गेले तर गणपतीकच परत येतले."

*

उरली तिसरी, दिल्लीकडची. वहिनीने तिथेही फोन लावला. पोक्त आवाजाची एक बाई आली. तिने फी, पुस्तकं, प्रोजेक्ट सगळं न कंटाळता सांगितलं. मग परीक्षेचं केंद्र निघालं.

"पणजी का सेंटर मिलेगा," ती म्हणाली. "आपको बस इन्सुली का घाट उतरना पड़ेगा."

फोन ठेवल्यावर वहिनी विचारात पडली. "दिल्लीच्या बायेक इन्सुलीचो घाट खंयसून म्हायत?"

"कॉम्प्युटरात सगळा दिसता," बाबल म्हणाला.

"त्या दुसऱ्या बायेक तर जिल्हो दिसलो नाय."

"तो कॉम्प्युटर जुनो असतलो."

विषय तिथेच संपला. मास्तराने अर्ज टाकला, आणि उत्तर आलं की चाळिशीनंतर शिकायला येणाऱ्यांची मुलाखत घेतली जाते. वेबकॅमवर. सकाळी अकरा वाजता. इंग्रजीत.

*

आता ती मुलाखत.

अकरा ही आमची भारनियमनाची वेळ. नंदूने तोंडवलीहून होडीची बॅटरी काढून आणली आणि कुणाचा तरी इन्व्हर्टर जोडला. टाय माझ्या स्टुडिओतला, इलॅस्टिकचा. अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो त्या एका टायवर निघालेत. बाबलच्या कॅफेची मागची भिंत पोपडे गेलेली, म्हणून मी स्टुडिओतला पडदा आणून टांगला. तो मी कोल्हापूरहून रंगवून आणलेला. बर्फाचे डोंगर, निळं सरोवर, त्यात एक शिकारा.

वहिनी मास्तराची कॉलर सारखी करताना हळूच म्हणाली, "नाय झाला तरी चलात. खंय धाडतीत थंय आमी येतलंव."

"म्हाताऱ्या आवशीक घेवन?" मास्तर म्हणाला.

त्यावर ती पडद्यामागे गेली.

पडद्यामागे सगळाच कट्टा होता. वहिनी, नंदू, मासेवाली, पानपट्टीवाला, सुट्टीवर असलेला कंडक्टर आणि हातात सोललेला नारळ घेतलेले तात्या. तात्यांना आधी गाऱ्हाणं घालायचं होतं. बाबल म्हणाला, "नारळाचा पाणी कीबोर्डार पडला तर माझो धंदो बसतलो. आधी मुलाखत होवंदे, मी सांगतंय तेव्हा घाला." शेवटी तोवर नारळ सीपीयूवर ठेवायचा, असं ठरलं. मी पडद्याला भोक पाडून स्क्रीन बघत होतो. पडदा माझाच, त्यामुळे भोकही माझंच.

स्क्रीनवर तिघं आली. दोन गृहस्थ आणि मधे पांढऱ्या बॉबकटची एक वयस्क बाई. प्रश्न ते दोघे गृहस्थच विचारत होते. बाई नुसती बघत होती.

पहिलाच प्रश्न आला, "मिस्टर सदानंद, तुम्ही अर्जात समुद्रकिनारा लिहिलाय. तुमच्या मागे तर बर्फ दिसतोय."

पडद्यामागे वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की काश्मीर त्यापेक्षा उबदार असेल.

मास्तराने मान वळवून बर्फाकडे बघितलं. मग त्याच्या भूगोलाच्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत तो म्हणाला, "सर, मला तुमचा कोर्स याचसाठी हवाय. समुद्र इथून बसने अर्ध्या तासावर आहे. पण आमच्या गावातलं प्रत्येक नवं जोडपं या काश्मीरपुढे उभं राहून फोटो काढतं. आमच्याकडे बघण्यासारखं काही आहे, हे आधी आम्हालाच कुणीतरी सांगायला हवं. ते मला शिकवायचंय."

दोन्ही गृहस्थ लिहायला लागले. बाई किंचित पुढे झुकली.

नंदू माझ्या कानात कुजबुजला, "काय म्हणालो?"

"तुझ्या समुद्राची बाजू घेतल्यान."

मग त्यांतल्या जाड भिंगाच्या चष्मेवाल्या गृहस्थाने शेवटचा प्रश्न टाकला. चाळिशीत शिकायला आलेले पुष्कळ जण अर्ध्यावर सोडतात, घरचा-दारचा आधार नसतो, असं काहीसं तो बोलला आणि म्हणाला, "हू इज बिहाइंड यू, मिस्टर सदानंद?"

मास्तर सरळ माणूस. मागे कोण आहे म्हणून विचारलं, तर तो उठला आणि त्याने काश्मीर बाजूला सारलं.

दिल्लीने कट्टा बघितला.

वहिनीने पदर सावरला. कंडक्टरने सवयीने खिशाला हात लावला. आणि तात्यांना वाटलं, पडदा उघडला म्हणजे आपली वेळ झाली. ते दोन पावलं पुढे आले, हात जोडले, आणि देवळात लावतात तो आवाज त्या गाळ्यात लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो सदा मास्तर दिल्लीच्या मंडळींसमोर बसलो हा, तेचा जा काय अडला-नडला आसात ता दूर कर रे म्हाराजाऽऽ!"

तोंडं बंद ठेवायची, असं ठरलं होतं. पण गाऱ्हाणं सुरू झाल्यावर गप्प राहील तो आमच्याकडचा नव्हे.

"व्हय म्हाराजा!"

"सरप्लसची पिडा टळांदे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या समोरच्या तिघांका चांगली बुद्धी दी रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तराने डोळे मिटून घेतले होते. मी मात्र स्क्रीनवर नजर रोखलेली. दोन्ही गृहस्थ एकमेकांकडे बघत होते. मधल्या बाईचे हात जोडलेले होते आणि तिचे ओठ हलले. आमच्याबरोबर, अगदी त्याच तालात.

तेवढ्यात होडीची बॅटरी मेली.

"तिचे ओठ हलले," मी म्हटलं.

"नेट हँग झाला असतला," बाबल म्हणाला.

मग बॅटरी कोणी पुरी चार्ज केली नाही यावरून नंदू आणि बाबलची जुंपली. वहिनी पडद्यावरून माझ्या मागे लागली. मास्तर तोच टाय लावून बाकावर बसून राहिला. तो जो बसला, तो मे संपत आला तरी मनाने तिथेच बसलेला होता.

आणि एका सकाळी पानपट्टीवाला चुन्याने भरलेली बोटं तशीच घेऊन मास्तराच्या घराकडे धावत गेला. मास्तराची मेल अर्थातच त्याने आधी वाचली होती. मास्तर, वहिनी, तात्या, नंदू, सगळे कॅफेत जमले. बाबलने मेल उघडली. 'आपणास प्रवेश देण्यात आला आहे,' हे इंग्रजीत, वर शिक्का-सहीसकट. वहिनीने भिंतीला हात टेकला. मास्तर ती ओळ पोरांना नकाशा दाखवावा तशी बोटाने परत परत दाखवत होता.

"खाली आजून एक ओळ आसा," पानपट्टीवाला म्हणाला. "ती तुमीच वाचा."

बाबलने पान खाली सरकवलं. त्या मधल्या बाईच्या सहीखाली, इंग्रजी अक्षरांत, एवढंच होतं :

"नारळ फोडलंस मां?"

आम्ही सगळ्यांनी एकदम सीपीयूवर तसाच राहिलेल्या नारळाकडे बघितलं.