आधी खूण सांगा

माझ्या मामेसासऱ्यांना फोनवरून गंडवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि उद्या तो जन्मलाच तर पहिलं रडू फुटायच्या आधी मामा त्याला खूण विचारतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पण सगळी बिल्डिंग त्यांना मामाच म्हणते, काही जण प्रेमानं आणि काही जण दातओठ खाऊन. उभं आयुष्य त्यांनी पडेगावच्या माळावर मेंढरं राखली. मग लागोपाठ दुष्काळ पडले, चारा संपला, मेंढरं विकली गेली आणि माळावर पावसाऐवजी प्लॉटिंगवाले उतरले. जमीन विकून मामा शहरात, मुकुंदवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. खात्यात पैसे दिसताच बँकेनं न मागता त्यांच्या हातावर एक क्रेडिट कार्ड ठेवलं. मामांनी ते एकदाही वापरलं नाही. बंडीच्या आतल्या खिशात ठेवून नुसतं राखलं. राखणं हाच त्यांचा धंदा.

मेंढक्यांत एक जुना रिवाज आहे म्हणे. कुणाचं चुकलेलं मेंढरू आपल्या कळपात शिरलं आणि तो मागायला आला, तर खूण त्यानं सांगायची: कान कुठं कातरलाय, डाग कोणत्या पायावर आहे. ज्याच्याकडे मेंढरू आहे त्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही. "मागणारा सांगंल, राखणारा ऐकंल," हा नियम मामांनी जसाच्या तसा टेलिफोनला लावला. एकदा माझ्यासमोरच एका मधाळ आवाजाच्या गृहस्थाचा फोन आला. "सर, बँक से बोल रहा हूँ, आपका कार्ड आज बंद हो जाएगा. पीछे के तीन नंबर बोलिए." मामांनी फोन स्पीकरवर टाकला, खुर्चीवरच मांडी घातली आणि म्हणाले, "कार्ड तुमाराच है ना? तो निशानी तुम बोलो. मैं सुनता." गृहस्थ मुरलेला होता. त्यानं कार्डाचे पहिले चार आकडे धडाधड म्हणून दाखवले. मी दचकलो, कारण ते बरोबर होते. मामा गालात हसले. "ये तो कळप की निशानी हुई रे. तुमारे सब कार्डां पे येच रहती. मेंढरू की बोल!" त्याच बँकेचं माझं कार्ड आणि आपलं कार्ड शेजारी ठेवून मामांनी हे आधीच ताडलं होतं. गृहस्थ कार्ड बंद करण्याच्या धमक्या देऊ लागला तेव्हा मामा म्हणाले, "कर की बंद. मी कुठं चालू केलंय?" मग फोन ठेवला, पटका बांधला आणि खरं-खोटं करायला भर उन्हात चालत बँकेत गेले. फोनवर जे ऐकलं ते बँकेच्या दारात जाऊन विचारायचं, हा त्यांचा दुसरा नियम.

मी हसावं अशी माझी लायकी नव्हती. दोन पदव्या असलेल्या मी त्याच महिन्यात एका अशाच मधाळ आवाजाला ओटीपी म्हणून दाखवला होता, मास्तरांपुढं पाढा म्हणावा तसा, खणखणीत. माझ्या पैशानं कुठल्याशा दूरच्या गावात कुणाच्या तरी घरी नवा फ्रिज आला. तेव्हापासून मामा माझी ओळख करून देतात ती अशी: "हे आमचे जावई. लई शिकलेत. जरा सांभाळून घ्या."

पण अति तिथं माती. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं आणि सगळी बिल्डिंग टँकरवर जगते. मामा दिवसभर घरी असतात म्हणून सोसायटीनं टँकरवाल्याला त्यांचा नंबर दिला. हा सोसायटीच्या इतिहासातला सर्वांत मूर्ख ठराव. एकदा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "मामा, टँकर आणलाय, गेट उघडा." मामा म्हणाले, "कशावरून?" "अहो, पाणी हाय!" "कुणाचं? खूण सांग." टँकर शेजारच्या गल्लीत रिकामा झाला आणि आम्ही दोन दिवस बिसलेरीनं दात घासले. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मामा, तो मेला फोनवरून तुमचं काय नेणार होता?" मामा शांतपणे म्हणाले, "आज गेट उघड म्हणतो, उद्या पेटी उघड म्हणंल."

मामांना एक मुलगी आहे हे मी इतका वेळ सांगितलं नाही, कारण मामाही कुणाला सांगत नसत. तिनं स्वतःच्या मनानं पुण्यात लग्न केलं आणि सहा वर्षं बापलेकीत शब्द नव्हता. दोघंही एकाच मातीचे. आधी बोलायचं कुणी, एवढ्यावर सगळं अडलेलं.

परवाच्या रविवारी मामा दुपारी आमच्याकडे जेवून हात पुसत होते. मामी गेल्यापासून ते आमच्याकडेच जेवतात. फोन वाजला. अनोळखी नंबर. मामांनी सवयीनं स्पीकर लावला आणि म्हणाले, "कोण? आधी खूण सांगा."

पलीकडून धाप लागलेला बाईचा आवाज आला. "खूण तुम्ही सांगा. मला आत्ता एकाचा फोन आलता, तुमचा बाप दवाखान्यात हाय, भरती करायचंय, कार्डाचा नंबर द्या म्हणून. मी तो ठेवला अन् इकडं लावला. तुम्ही माझे आबाच कशावरून?"

माझी बायको ताट उचलता उचलता थांबली. बापाचा आवाज का लेकीला ओळखू आला नसेल? पण सहा वर्षांचा राग होता, आणि वर भीतीही. मामा नियमावर अडले असते तर तिनं फोन ठेवला असता आणि पुन्हा कधी केला नसता. तीही त्यांचीच मुलगी. मामा आता काय बोलतील याची मला फार भीती वाटली. त्यांनी टेबलावरचा फोन दोन्ही हातांत धरला.

"डाव्या टाचेला वण हाय," मामा म्हणाले. "दुष्काळाच्या साली मेंढरांमागं आलती तू. बाभळीचा काटा पार आत गेलता. मी काढला. तू नाय रडली. मीच रडलो."

मग ती म्हणाली, "जेवला का, आबा?"

आत्ताच आमच्याकडे तीन भाकरी खाऊन उठलेले मामा घाईघाईनं म्हणाले, "नाय. अजून नाय."

"का बरं?" तिनं विचारलं, आणि मामा सांगू लागले. मी हळूच खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि आम्ही दोघं नवरा-बायको आत निघून गेलो.