महिन्यातला एक शनिवार

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. पोस्टातून निवृत्त झाल्यात, तब्येत ठणठणीत. भाजीची पिशवी धरायला हात पुढे केला की खेकसतात, "राहू दे. माझं मी बघते." घरी आलेल्या माणसाला मात्र गेटपर्यंत सोडायला येतात, लिफ्ट बंद असली तरी.

पुढेमागे अंथरुणाला खिळले तर आयाबाई ठेवता यावी, म्हणून त्या पेन्शनमधून पैसे बाजूला टाकतात, हे मला माहीत होतं. परवा शनिवारी त्यांचं दळण द्यायला गेले, तर बाई पलंगावर आडव्या आणि एक आयाबाई त्यांना वरणभात भरवतेय.

मी घाबरलेच. "अहो, काय झालं?"

"काही नाही गं, शिकतेय. महिन्यातून एक दिवस हिला बोलावते. पैसे साठवले की झालं, असं वाटलेलं मला. पण दुसऱ्याने भरवलेला घास घेता नको यायला?"

दोन्ही धडधाकट हात चादरीखाली होते. तेवढ्यात कपाळावर माशी बसली. चादर जराशी हलली, थांबली. मग बाई हळूच आयाबाईला म्हणाल्या, "ताई, माशी बसलीय. जरा बघता का?"

मी बघतच राहिले. चांगलं चालतंफिरतं असताना स्वतःला असं वाकवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मी निघाले, तरी बाई उठल्या नाहीत. पडल्यापडल्याच म्हणाल्या, "दार तेवढं ओढून घेशील?"