दुसऱ्या नंबरची गोलकीपर

मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आलो. बाबा चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. मला डच येत नव्हतं, म्हणून शाळेतल्या मुलींनी मला गोलमध्ये उभं केलं. तिथे बोलावं लागत नाही अशी त्यांची समजूत. खरं तर मैदानावर सगळ्यांत जास्त गोलकीपरलाच ओरडावं लागतं. मी डच शिकले ती अशी, ओरडत.

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात मी टिलबर्गच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जाणार होते. विद्यार्थ्यांच्या संघातला माझा खेळ कुणीतरी पाहिला होता, आणि एका व्यावसायिक क्लबच्या महिला संघाने मला चाचणीला बोलावलं. त्यांना दुसऱ्या नंबरची गोलकीपर हवी होती. तीन दिवस बघून त्यांनी मला ठेवून घेतलं. करार नाही; सरावाला यायचं आणि सामन्याला बाकावर बसायचं.

पहिल्या नंबरची गोलकीपर माझ्याहून सात वर्षांनी मोठी होती. पहिल्याच सरावानंतर तिने मला थांबवलं.

"झेप घ्यायच्या आधी तू एक पाऊल मागे टाकतेस. का?"

"माहीत नाही."

"मग सोड ते."

सोडायला दोन महिने लागले. रोज सराव संपल्यावर ती वीस मिनिटं जास्त थांबायची आणि माझ्यावर चेंडू मारत राहायची. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात कोरोनामुळे हौशी फुटबॉल बंद झालं. वरच्या लीगला तेवढी परवानगी होती. माझ्या विद्यापीठातल्या मैत्रिणी घरात बसल्या, मी मात्र गवतावर. विद्यापीठाच्या संघाच्या ग्रुपवर मी सरावाचे फोटो टाकायचे, ते बंद केलं. लेक्चर लॅपटॉपवर, माझ्या खोलीत. पलीकडच्या खोलीत बाबांच्या मीटिंगा. जेवताना आम्ही तिघंही फारसं बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

आठवड्यातून दोनदा नाकात काडी घालून टेस्ट व्हायची. जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहिल्या गोलकीपरची पॉझिटिव्ह आली. कोचचा फोन आला तेव्हा मी ताटं पुसत होते.

"उद्या तू," तो म्हणाला.

मी आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मी उरलेली ताटं पुसून मांडणीत लावली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडीने सोडलं. प्रेक्षकांना आत सोडत नव्हते, म्हणून ते पार्किंगमध्ये बसून मोबाईलवर सामना बघत होते. मोबाईलवरचं चित्र अर्धा मिनिट मागे. स्टेडियममधून आरडाओरडा आधी ऐकू यायचा, काय झालं ते नंतर दिसायचं. मी चार चांगले चेंडू अडवले, सामना बरोबरीत सुटला. रिकाम्या स्टँडवर माझाच आवाज आपटून परत येत होता. परत येताना बाबा म्हणाले, "छान खेळलीस." मी हो म्हटलं.

ती तीन आठवड्यांत परतणार होती. तोवर प्रत्येक सामन्याआधी तिचा मेसेज यायचा. त्यांची नऊ नंबर नेहमी डावीकडे वळते. त्यांच्या कॉर्नरला पुढे येऊ नकोस. सगळं बरोबर निघायचं. मग मेसेज लहान होत गेले. टाईप करून डोकं दुखतं म्हणून ती रेकॉर्ड करून पाठवू लागली, आणि त्यात दर दोन शब्दांनंतर तिचा श्वास ऐकू यायचा. मार्चमध्ये तेही थांबलं.

एप्रिलमध्ये मॅनेजरने मला दोन वर्षांचा करार देऊ केला.

"ती परत आली तर?" मी विचारलं.

"आत्ता आपण तुझ्याबद्दल बोलतोय," तो म्हणाला.

मी सायकलवरून तिच्या घरी गेले. ती मागच्या बागेत पांघरूण घेऊन बसली होती. ऊन असूनही. मी दीड मीटर लांब उभी राहिले.

"मला करार देतायत," मी म्हटलं. "तुला विचारायला आले."

"काय, परवानगी?" ती हसली नाही, चिडलीही नाही. "वरच्या खोलीत जाताना मी जिन्यात दोनदा बसते. तू सही नाही केलीस म्हणून तो जिना लहान होणार नाहीये."

"पण जागा तुझी आहे."

"होती. आता जा. बोलून दमायला होतं."

तिने डोळे मिटले. हात धरायचा नव्हता, आणि दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. परतताना मला वाटलं, आता रडू येईल. कालव्याच्या कडेचा सगळा रस्ता मी त्याची वाट पाहिली. आलं नाही.

सही मास्क लावून केली. फोटोग्राफर म्हणाला, एक सेकंद काढ आणि हस. फोटोत मी हसतेय. घरी आईने शिरा केला होता. त्या दिवसांत पुण्याहून येणारा प्रत्येक फोन ती उभ्यानेच घ्यायची. मामांसाठी हॉस्पिटलमध्ये बेड शोधणं चालू होतं. तो मिळाला, मामा वाचले, पण ते पुढच्या आठवड्यात. त्या संध्याकाळी तिने फोन ठेवला आणि मला विचारलं,

"तुला आनंद झाला ना गं?"

"झाला, आई."

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि बशीत अजून एक चमचा शिरा वाढला.

नव्या मोसमात माझ्या शर्टाच्या पाठीवर पहिल्या गोलकीपरचा एक नंबर आला. प्रेक्षक परतले. त्यांच्या गोंगाटात माझ्या बचावपटूंना माझा आवाज पोचेना आणि पहिल्याच सामन्यात आम्ही दोन गोल खाल्ले. वर्तमानपत्रात माझ्याविषयी 'थंड डोक्याची' असं छापून आलं. बाबांनी ते कापून ठेवलं.

माझ्या आधीची गोलकीपर त्या वर्षी एकदाच सामन्याला आली. काळा चष्मा, कानात बोळे; उजेड आणि गोंगाट तिला अजून सोसत नव्हता. मध्यंतरात निघून गेली. मला दिसली नव्हती, बाबांनी नंतर सांगितलं.

"कशी होती?"

"बारीक झालीय. मला हात केला तिने."

"काही म्हणाली?"

"नाही. मी पण काही विचारलं नाही."

मी बुटांच्या लेस सोडल्या. उजव्या पायाचा टाचेकडचा फोड फुटला होता, तो दुखायला लागला होता.